कौल अथेन्सचा, किल्ली फ्रँकफुर्टची



जिल्ह्याजिल्ह्यात बैठका चालू आहेत. कर्जाचा विषय निघाला की दर बैठकीत कोणीतरी उठतो आणि विचारतो, "आपल्या विचाराचे सरकार एकदा बसवले तर हा प्रश्न सुटेल की नाही? सरळ उत्तर द्या." मग मागच्या रांगेतून दुसरा कोणी, बहुधा वर्तमानपत्र नेमाने वाचणारा, म्हणतो, "ग्रीसचे काय झाले ते बघा. तिथेही असेच सरकार बसवले होते." पहिला खाली बसतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते.

ही खाली बसण्याची घाई आम्हाला मान्य नाही. ग्रीसचे नाव आज दोन प्रकारचे लोक घेतात. एक, बँकांची आणि सरकारी तिजोरीची वकिली करणारे. "कर्ज नाकारायला निघालेल्यांची अशीच गत होते," एवढे सांगून ते मोकळे होतात. दुसरे, डाव्या पक्षांतले आमचे मित्र. त्यांच्या लेखी सगळ्याचा निकाल एका वाक्यात लागतो : पंतप्रधान त्सिप्रास विकला गेला. दोघांनाही काय घडले ते नीट पाहायचे नाही. पाहिले तर पहिल्यांच्या हातचे बुजगावणे जाते आणि दुसऱ्यांच्या हातचा खलनायक.

आमचे म्हणणे असे. निवडणूक जिंकून काटकसरीचे धोरण उलथवता येते की नाही, हे मतमोजणीच्या रात्री ठरत नाही. सावकाराने उद्या पुरवठा तोडला तर किती दिवस तग धरता येईल, यावर ते ठरते. आणि ती बेगमी निवडणुकीच्या आधी करून ठेवायची असते. ग्रीसच्या डाव्या सरकारने ती केली नव्हती. म्हणून जनतेने सार्वमतात "नाही" म्हटल्यावर आठ दिवसांत त्याच सरकारला "होय" म्हणून सही करावी लागली.

आधी शब्दाबद्दल. काटकसर हा आपल्या घरातला चांगला शब्द आहे. पाव्हणे आले म्हणून संपत आलेल्या तेलात घरची बाई आणखी चार दिवस काढते, ती काटकसर. ग्रीसमध्ये ज्याला काटकसर म्हटले गेले त्यात बैलाची वैरण कापली आणि त्याच बैलाकडून दुप्पट नांगरट मागितली. शब्द रूढ आहे म्हणून आम्हीही तोच वापरतो. वाचणाऱ्याने मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावा.

अब्जांचे नवे-जुने

ग्रीस म्हणजे जेमतेम एक कोटी चार लाख वस्तीचा देश. ऑलिव्ह, द्राक्षे, मेंढ्या, जहाजे आणि पर्यटक. युरोपीय संघात जो कापूस पिकतो त्याचा मोठा वाटा एकट्या या देशाचा. २००१ साली त्याने आपले द्राख्मा हे नाणे सोडून युरो घेतला, म्हणजे नोटा छापण्याचा अधिकार जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरी बसलेल्या युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे सोपवला. पुढची काही वर्षे स्वस्त कर्जाची चंगळ झाली. सरकारांनी तुटीचे आकडे दडवले, जहाजमालकांच्या करसवलतींना कोणी हात लावला नाही, आणि कर्ज देणाऱ्या फ्रेंच-जर्मन बँकांनीही सातबारा न पाहता पैसे ओतले. २००९ च्या अखेरीस नव्या सरकारने खरी तूट उघड केली तेव्हा व्याजाचे दर भडकले. २०१० च्या मे महिन्यात युरोपातील सरकारे, मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी मिळून ११० अब्ज युरोची "मदत" जाहीर केली. २०१२ साली आणखी १३० अब्जांची.

सोसायटीचे नवे-जुने कसे होते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. मार्चअखेर सचिव येतो, सह्या घेतो, जुने कर्ज भरले असे दाखवतो, नवे दिले असे दाखवतो. शेतकऱ्याच्या हाती दमडी पडत नाही, आकडा मात्र व्याजासकट फुगतो. वसुली शंभर टक्के दिसते आणि सोसायटीचा अहवाल गोड होतो. ग्रीसची मदत याच जातीची. बर्लिनच्या एका व्यवस्थापन शिक्षणसंस्थेने २०१६ साली हिशेब मांडला : पहिल्या दोन मदतींतून प्रत्यक्ष आलेल्या सुमारे २१६ अब्ज युरोंपैकी ग्रीक सरकारच्या चालू खर्चाला दहा अब्जसुद्धा मिळाले नाहीत. शंभरातले पाचही नाहीत. बाकी सगळे जुने कर्ज, व्याज आणि बँकांचे भांडवल यांत गेले. खाजगी बँकांचे बुडीत येणे मधल्या मध्ये युरोपच्या करदात्यांच्या डोक्यावर आले आणि दोष तेवढा ग्रीसच्या पेन्शनरांना लागला.

अटी मात्र खऱ्या होत्या, कागदावरच्या नव्हत्या. पेन्शन पुन्हा पुन्हा कापली. २०१२ साली किमान वेतन एका फटक्यात २२ टक्क्यांनी खाली आणले, पंचविशीच्या आतल्या मुलांचे ३२ टक्क्यांनी. देशाचे उत्पन्न २००८ पासून पाच-सहा वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने घटले. २०१३ साली शंभरात सत्तावीस माणसे बेकार होती. आणि कर्ज? २००९ साली ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १२७ टक्के होते. २०१२ साली खाजगी धनकोंच्या मुद्दलाला निम्म्याहून अधिक कात्री लावूनही २०१४ साली ते सुमारे १८० टक्के झाले. ज्या दुखण्यावर औषध दिले तेच वाढले.

यात गुपित काहीच नाही. खर्चात एक युरो कापला तर उत्पन्न साधारण अर्ध्या युरोने घटेल असा नाणेनिधीचा हिशेब होता. ऑक्टोबर २०१२ च्या अहवालात निधीनेच कबूल केले की प्रत्यक्षात ही घट नऊ दशांश ते एक पूर्णांक सात दशांश युरो इतकी निघाली. जून २०१३ मध्ये पहिल्या ग्रीक कार्यक्रमात ठळक अपयशे आल्याचेही लिहून दिले. आपल्याकडे तलाठ्याने आणेवारी चुकीची लावली तर निदान दुरुस्तीचा अर्ज तरी करता येतो. इथे चूक कबूल झाली, अहवाल छापले गेले आणि अटी जिथल्या तिथे राहिल्या.

पाच महिने

२५ जानेवारी २०१५ रोजी ग्रीक मतदारांनी सिरिझा या डाव्या आघाडीला ३६ टक्के मते आणि ३०० पैकी १४९ जागा दिल्या. दोन जागा कमी पडल्या त्या एका छोट्या उजव्या राष्ट्रवादी पक्षाने पुरवल्या. अलेक्सिस त्सिप्रास पंतप्रधान झाले, यानिस वारुफाकिस अर्थमंत्री. वचन असे होते : काटकसर रद्द करू, कर्जाचा मोठा भाग माफ करून घेऊ आणि युरोही सोडणार नाही. लोकांना तिन्ही हवे होते, म्हणून पक्षाने तिन्ही कबूल केले. पण सावकाराशी भांडायचे आणि रोजची भाकरीही त्याच्याच चुलीवर भाजायची, हे कसे जमणार याचा खुलासा कोणी मागितला नाही आणि कोणी दिला नाही.

दहा दिवसांत उत्तर आले. ४ फेब्रुवारीला मध्यवर्ती बँकेने सांगितले की ग्रीक सरकारचे रोखे आता आमच्याकडे तारण म्हणून चालणार नाहीत. वरवर पाहता ही बँकेच्या नियमांतली एक बारीक दुरुस्ती. आपल्या भाषेत सांगायचे तर शिखर बँकेने जिल्हा बँकेला निरोप दिला, तुमच्या सोसायट्यांच्या कागदावर आम्ही पैसे सोडणार नाही, निकडीपुरते थोडे महाग पैसे देऊ, आणि तेही दर आठवड्याला विचार करून. असा निरोप आल्यावर गावातला ठेवीदार काय करतो? पासबुक घेऊन रांगेत उभा राहतो. ग्रीसमध्ये तेच झाले. निवडणुकीच्या आधीपासून उन्हाळ्यापर्यंत बँकांतून सुमारे ४० अब्ज युरोच्या ठेवी निघून गेल्या. ज्यांच्याकडे जास्त होते त्यांनी जास्त काढले आणि परदेशी नेले.

या पाच महिन्यांत सरकारने काय केले? वाटाघाटी केल्या. २० फेब्रुवारीला जुना कार्यक्रम चार महिने लांबवून घेतला. ज्या कर्जाला प्रचारात अन्याय्य म्हटले होते त्याचेच हप्ते वेळेवर भरत राहिले, आणि त्यासाठी २० एप्रिलला वटहुकूम काढून नगरपालिका व इतर सार्वजनिक संस्थांची शिल्लक रोकड मध्यवर्ती खात्यात जमा करायला लावली. पैसा देशाबाहेर जाण्यावर बंधन घातले नाही. २०१३ साली शेजारच्या सायप्रसने युरोत राहूनच असे बंधन घातले होते, म्हणजे उदाहरण डोळ्यांसमोर होते. बँका बंद पडल्या तर करखात्याच्या खात्यांतून देणी-घेणी चालवण्याची एक योजना वारुफाकिस यांनी गुपचूप आखली होती, असे त्यांनीच पुढे सांगितले. ती अंमलात आणायला हिरवा कंदील कधी मिळाला नाही.

कांद्याच्या पट्ट्यातल्या भावांना हे लगेच कळेल. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, म्हणून त्याच्या जोरावर बाजार बंद ठेवता येतो. खरिपाचा लाल कांदा ट्रॉलीत भरल्यावर "भाव मिळाल्याखेरीज विकणार नाही" अशी घोषणा केली, तर व्यापारी नुसता बसून राहतो. त्याला काही करावेच लागत नाही. फेब्रुवारीत ग्रीसच्या चाळीत माल होता. जूनमध्ये सरकार लाल कांद्याची ट्रॉली घेऊन बाजारात उभे होते.

२७ जूनच्या मध्यरात्रीनंतर त्सिप्रास यांनी सार्वमत जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी मध्यवर्ती बँकेने निकडीच्या पैशाची मर्यादा गोठवली. सोमवारी, २९ तारखेला, बँका उघडल्याच नाहीत. यंत्रातून माणशी दिवसाला ६० युरो. ज्या म्हाताऱ्यांकडे कार्ड नव्हते त्यांच्यासाठी काही शाखा तेवढ्यापुरत्या उघडल्या, आणि काठी टेकत दारात उभ्या असलेल्या पेन्शनरांची छायाचित्रे जगभर छापून आली. ३० जूनला नाणेनिधीचा सुमारे दीड अब्जांचा हप्ता चुकला. ही दारे बंद असतानाच ५ जुलैला मतदान झाले, आणि ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी सावकारांच्या अटींना नकार दिला. देशाच्या एकूण एक विभागात नकाराला बहुमत मिळाले. खिशात साठ युरो असलेल्या माणसाने दिलेला हा नकार आहे. तो कमी लेखणाऱ्याशी आमचे भांडण आहे.

दुसऱ्या दिवशी वारुफाकिस यांनी राजीनामा दिला. १२ जुलैला सुरू झालेली युरो देशांच्या प्रमुखांची बैठक सतरा तास चालून १३ च्या सकाळी संपली. हाती आले ते असे : ८६ अब्जांपर्यंतचे तिसरे कर्ज, पेन्शन आणि करांच्या नव्या अटी, ५० अब्जांची सार्वजनिक मालमत्ता विकायला काढण्यासाठी एक निधी, आणि पहिले कायदे दोन-तीन दिवसांत संसदेत मंजूर करण्याची सक्ती. सार्वमतात ज्या अटी फेटाळल्या होत्या त्यांच्याहून या कडक होत्या. संसदेत ठराव पास झाला तो विरोधकांच्या मतांवर.

गद्दारी की नाइलाज?

डाव्या मित्रांना आमचा प्रश्न आहे. १३ जुलैच्या सकाळी, दोन आठवडे बँका बंद असताना, त्सिप्रास यांनी नेमके काय करायचे होते? "नाही" म्हणून उठायचे होते, असे तुम्ही म्हणता. ठीक. मग मंगळवारी पगार कशात द्यायचे? द्राख्माच्या नोटा छापलेल्या नव्हत्या. तेल, औषधे, जनावरांचा खुराक परदेशातून येतो. त्याचे पैसे कोणत्या खात्यातून जाणार होते? यावर सरकारकडे उत्तर नव्हते आणि सरकारला शिव्या देणाऱ्यांकडेही नव्हते. सिरिझातून फुटून युरोविरोधी गट सप्टेंबर २०१५ च्या निवडणुकीत उतरला तेव्हा त्याला तीन टक्के मतेसुद्धा पडली नाहीत. त्सिप्रास पुन्हा निवडून आले. पण जानेवारीच्या मानाने मतदानाचा आकडा शंभरात सात माणसांनी घसरला. ही घरी बसलेली माणसे कोणाच्याच हिशेबात नाहीत.

आमच्या मते दोष जुलैतल्या सहीपेक्षा फेब्रुवारी ते जूनमधल्या निष्काळजीपणाचा आहे. सावकार शहाणा आहे, युक्तिवादाने पटेल, अशी सरकारची समजूत होती. वारुफाकिस यांचे युक्तिवाद बिनतोड होते. वाचणाऱ्याने ते जरूर वाचावेत. पण कर्जवसुलीच्या दारात युक्तिवादाला कधी भाव आला आहे? जप्तीच्या पथकाला आपण उत्पादनखर्चाचा तक्ता दाखवतो तेव्हा तेही मान डोलावतात आणि मोटार उचलून नेतात.

आता बँकवाल्यांना. "दुसरा पर्यायच नव्हता" हे तुमचे वाक्य खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे तुमच्याच कागदावर लिहिलेले आहे. सार्वमताच्या तीन दिवस आधी, २ जुलैला, नाणेनिधीने प्रसिद्ध केले की ग्रीसचे कर्ज मोठ्या सवलतीशिवाय पेलणारे नाही. म्हणजे न फिटणारे कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज आणि त्यासाठी नव्या अटी. युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर जानेवारीतच बोलून गेले होते की युरोपीय करारांच्या विरोधात लोकशाही निवड असू शकत नाही. हे अर्थशास्त्र नव्हते. पुढे स्पेनमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये कोणी मान वर करू नये म्हणून केलेली ती तजवीज होती, असे आम्हाला वाटते.

आणि जर्मनांनी तरी हिशेब विसरू नये. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडनला झालेल्या करारात पश्चिम जर्मनीच्या परदेशी कर्जाचा सुमारे निम्मा भाग सोडून दिला गेला. उरलेल्याची फेड अशी बांधली की व्यापारात शिल्लक राहील त्यातून हप्ते जावेत. सह्या करणाऱ्या धनको देशांत ग्रीसही होता. महायुद्धात ज्या देशाची धूळधाण जर्मन फौजांनी केली त्याने जर्मनीला मुद्दल सोडले, आणि साठ वर्षांनी जर्मन अर्थमंत्र्यांनी ग्रीसला नियम शिकवले. या करारातली हप्त्याची अट ध्यानात ठेवा. तिच्याकडे आम्ही परत येणार आहोत.

ग्रीक शेतकऱ्यांचे काय झाले, हे मुंबई-दिल्लीच्या वर्तमानपत्रांत फारसे आले नाही. तिसऱ्या कर्जाच्या अटींत शेतकऱ्यांच्या डिझेलवरची सवलत टप्प्याटप्प्याने काढायची होती, त्यांचा आयकर वाढवायचा होता आणि पेन्शनची वर्गणी उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत न्यायची होती. २०१६ च्या जानेवारीत ट्रॅक्टर रस्त्यावर आले. थेसलीच्या कापूसवाल्यांनी टेंपे खिंडीपाशी महामार्ग अडवला, बल्गेरियाच्या सरहद्दीवरचे नाके अडवले. फेब्रुवारीत क्रीट बेटावरचे शेतकरी बोटीने अथेन्सला उतरले. कृषिमंत्रालयाच्या दारात टोमॅटो उडाले, काठ्या चालल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. वर्षभरापूर्वी यांतल्या कित्येकांनी याच सरकारला मते दिली असणार. सरकारने वाटाघाटी केल्या, वाढ काही वर्षांवर पसरवली आणि मे महिन्यात कायदा केला. मंत्री जवळचा असला म्हणून अश्रुधूर कमी झोंबत नाही.

सरकारने काहीच चांगले केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. मार्च २०१५ मध्ये अत्यंत गरिबांसाठी अन्न आणि विजेची योजना केली. २०१६ साली विमा नसलेल्यांना सरकारी दवाखाने खुले केले. २०१९ साली किमान वेतन वाढवले आणि तरुणांसाठीचे वेगळे, कमी वेतन रद्द केले. पण पिरेयस बंदराचा ताबा एका चिनी कंपनीकडे आणि चौदा विमानतळ एका जर्मन कंपनीच्या गटाकडे चाळीस वर्षांसाठी, हेही याच सरकारच्या सहीने झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये कार्यक्रम संपला, तरी २०२२ पर्यंत दरवर्षी व्याज सोडून राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेतीन टक्के शिल्लक दाखवण्याचे बंधन मागे उरले. २०१९ साली सिरिझा हरली. जून २०२३ च्या निवडणुकीत १८ टक्क्यांच्याही खाली गेली. चार लाखांवर माणसे, त्यांत शिकलेली पोरे जास्त, देश सोडून गेली. आज ग्रीसचे कर्जाचे प्रमाण उतरले, पत सुधारली म्हणून पाठ थोपटली जाते. राष्ट्रीय उत्पन्न २०२४ सालीही महागाई वजा जाता २००८ च्या पातळीला पोचलेले नव्हते, हे मात्र त्यासोबत छापले जात नाही.

पोर्तुगालची चिंचोळी वाट

मग काटकसरीच्या विरोधात काहीच साधत नाही का? साधते. पोर्तुगालमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये अंतोनियो कोश्ता यांचे समाजवादी सरकार कम्युनिस्ट आणि डाव्या गटाच्या बाहेरच्या पाठिंब्यावर बसले. त्याने सरकारी नोकरांचे कापलेले पगार परत केले, काढून घेतलेल्या चार सुट्या परत केल्या, किमान वेतन २०१५ च्या ५०५ युरोंवरून २०१९ पर्यंत ६०० वर नेले. आणि तूटही घटली. २०१९ साली अंदाजपत्रकात चक्क थोडी शिल्लक पडली. लोकांच्या हाती पैसा गेला की बाजार चालतो आणि कर गोळा होतो, ही साधी गोष्ट तिथे दिसून आली.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगितल्याशिवाय ती सांगणे फसवणूक होईल. पोर्तुगाल २०१४ सालीच मदतीच्या अटींतून बाहेर पडला होता. मार्च २०१५ पासून युरोपीय मध्यवर्ती बँक सदस्य देशांचे रोखे भराभर विकत घेऊ लागली. पोर्तुगालचे घेतले, ग्रीसचे घेतले नाहीत. पोर्तुगालचे तरी का घेतले? बँकेला मान्य असलेल्या पतमापन संस्थांपैकी एका कॅनेडियन संस्थेने पत जेमतेम रेषेच्या वर ठेवली होती म्हणून. तिने एक पायरी खाली केली असती तर लिस्बनमध्येही तीच रांग लागली असती. शिवाय कोश्ता यांनी कर्ज नाकारण्याची भाषा केली नाही आणि रस्ते, दवाखाने यांवरचा भांडवली खर्च दाबून धरला. थोडे मागितले, थोडे मिळवले. यालाही आम्ही विजय म्हणतो. सावकाराने दोर सैल सोडला होता तेवढाच तो आहे.

शेजारी श्रीलंकेत हाच प्रश्न ताजा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये डाव्या विचाराचे अनुरा कुमार दिसानायके अध्यक्ष झाले, नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. एवढ्या बहुमतानंतरही नाणेनिधीचा आधीच्या सरकारने केलेला कार्यक्रम त्यांनी चालू ठेवला. त्यांना शिव्या देण्याआधी कोलंबोच्या तिजोरीत किती आठवड्यांचे डॉलर होते ते विचारावे.

आमच्या दारातली गोष्ट

आता मागच्या रांगेतल्या त्या मित्राला आणि खाली बसलेल्या पहिल्याला, दोघांना मिळून आमचे उत्तर.

राज्यात आपल्या विचाराचे सरकार आले तरी मुंबईचे मंत्रालय अथेन्सच्या जागी असणार. राज्याला नोटा छापता येत नाहीत. केंद्राचे कर्ज डोक्यावर आहे तोवर नवे कर्ज काढायला घटनेच्या २९३ व्या कलमाप्रमाणे केंद्राची संमती लागते. बँकांवर हुकूम रिझर्व्ह बँकेचा. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या आपण पाहिल्या. अर्ज, याद्या, निकष, आणि शेवटी पैसे बँकेच्या खात्यात जाऊन बँकेचा ताळेबंद स्वच्छ. भाव तोच राहिला, म्हणून कर्जही परत आले. म्हणून "सरकार बसवा, प्रश्न सुटेल" असे सांगून मते मागणाऱ्याला, तो आपल्यातलाच असला तरी, आम्ही साथ देणार नाही.

पण "म्हणून गप्प बसा" हेही आम्हाला मान्य नाही. मागणी अशी मांडली पाहिजे की नाकारणाऱ्याला नाकारण्याचे कारण द्यावे लागेल. जर्मनीला जे १९५३ साली मिळाले तेच आम्ही मागतो : नवे-जुने करून फुगवलेला आकडा सोडा, मूळ मुद्दल वेगळे काढा, आणि ज्या वर्षी बाजारभाव उत्पादनखर्चाच्या वर राहील त्याच वर्षी हप्ता घ्या. निर्यातबंदी घालून, आयात करून भाव पाडलात तर त्या वर्षी हप्ता नाही. जर्मन कारखानदाराला लागू झालेले तत्त्व कांदा-कापूसवाल्याला का लागू होऊ नये, याचे उत्तर केंद्राने द्यावे, रिझर्व्ह बँकेने द्यावे.

आणि ही मागणी घेऊन उठण्याआधी आपली चाळ तपासायची आहे. हप्ते थांबवले की पहिल्या आठवड्यात सोसायटीचे खत बंद होईल, दुसऱ्या आठवड्यात पीककर्ज. पेरणीच्या तोंडावर हे झाले तर दहा दिवसांत गाव फुटेल, आणि फुटलेल्या गावाला गद्दार म्हणण्याचा अधिकार आम्हाला राहणार नाही.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने भाषणाऐवजी आकडे आणावेत. गावातल्या किती खात्यांवर नवे-जुने झाले आहे आणि किती वेळा. मूळ उचल किती, आजवर भरलेले किती, आज दाखवलेली बाकी किती. सोसायटीचा पुरवठा तुटला तर घरचे बियाणे, शेणखत, उसनवारी आणि बचतगटांची शिल्लक यांवर किती घरे किती आठवडे काढू शकतील. हा शेवटचा आकडा बायकांना विचारून आणावा, पुरुषांचा अंदाज धरू नये. सगळ्या तालुक्यांचे तक्ते एकत्र झाल्यावर आंदोलनाचा महिना ठरेल. त्याआधी तारीख विचारू नये.